उन्हाळ्याची सुट्टी : मुलांची आणि पालकांची निसर्गशाळा

वार्षिक परीक्षा संपल्या, निकाल लागले की मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाही. आईवडिलांच्या मनात मात्र त्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो. जूनच्या मध्यापर्यंत या मुलांचे करायचे काय? ज्यांचे गाव जवळ आहे ते मुलांना आजोळी पाठवतात. ज्यांच्या हातात चार पैसे आहेत ते शिबिरांची, वर्गांची फी भरतात. उरलेली मुले दुपारभर दूरदर्शन संचापुढे, नाहीतर मोबाईलच्या पडद्यापुढे बसतात. ऊन उतरले की थोडा वेळ क्रिकेट आणि पुन्हा पडदा. सुट्टी संपते तेव्हा मुलाने काय मिळवले असे विचारले तर सांगण्यासारखे फारसे काही नसते.

आपल्या मोहोपाडा-रसायनी परिसराची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९६० च्या दशकापासून येथे कारखाने आले आणि त्यांच्यामागे महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून नोकरीनिमित्त कुटुंबे आली. त्यांची तिसरी पिढी आता येथे वाढत आहे. या मुलांना मूळ गाव पाहुण्यासारखे माहीत असते आणि ज्या गावात ती जन्मली त्याची नदी, डोंगर, झाडे यांची नावेही पुष्कळांना ठाऊक नसतात. वास्तविक माणिकगड, कर्नाळा, प्रबळगड, इर्शाळगड हे डोंगर आपल्या आसपास उभे आहेत, पाताळगंगा जवळून वाहते, आणि गावाच्या नावात ज्या मोहाच्या झाडाचा उच्चार होतो तो मोह रानात अजून टिकून आहे. सुट्टीसाठी फार लांब जाण्याची किंवा फार खर्च करण्याची गरज नाही. गरज आहे ती आईवडिलांनी रोज अर्धा-पाऊण तास मुलांसोबत घालवण्याची. अशा काही उपक्रमांची माहिती या लेखात देत आहे.

१) पाण्याचे पासबुक

बँकेत काम करीत असल्यामुळे मला पासबुकाची भाषा जवळची वाटते. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, एवढे कळले की माणूस आपोआप जपून वागतो. हीच पद्धत पाण्याला लावून पाहावी.

एका वहीची पाने उभी आखून त्यात तारीख, कामाचे नाव आणि वापरलेले पाणी असे तीन रकाने करावेत. घरातील बादली किती लिटरची, कळशी किती लिटरची हे आधी मोजून घ्यावे. मग आंघोळ, कपडे, भांडी, फरशी, झाडे यांना किती बादल्या लागल्या ते मुलाने रोज लिहावे. आठ दिवसांनी बेरीज करून माणशी दररोज किती पाणी लागले हे काढावे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे. आपला आकडा त्याच्या वर आहे की खाली, हे मुलाला स्वतःच्या गणिताने समजेल.

गळक्या नळाचा प्रयोगही करावा. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब धरले तर दिवसाला चार लिटरांहून जास्त आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी वाया जाते. नळाखाली तांब्या ठेवून हे पडताळता येते. मुलाने हा हिशोब वडिलांना दाखवला की दुसऱ्या दिवशी नळाचा वायसर बदलला जाईल.

जमेची बाजूही पाहावी. आपल्या खालापूर-कर्जत भागात पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी जमते. म्हणजे वीस चौरस मीटरच्या छपरावर एका पावसाळ्यात सुमारे ६०,००० लिटर पाणी पडते. ५५ लिटरच्या मानाने पाच माणसांच्या कुटुंबाला ते सात महिन्यांहून अधिक पुरेल. ते सगळे साठवणे शक्य नसते हे खरे, पण एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये डोंगरातल्या वाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन दूरच्या झऱ्यावर का जातात, हा प्रश्न मुलाच्या मनात उभा राहिला पाहिजे. आपल्याकडे काळा कातळ आहे, उतार तीव्र आहे, पाणी मुरण्याआधी धावत सुटते. म्हणूनच पाणी अडवणे, जिरवणे आणि झाडोरा राखणे यांना महत्त्व आहे.

आपल्या पाण्याची आणखी एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहती राहते याचे कारण खोपोलीचे वीजकेंद्र. टाटांचे हे केंद्र १९१५ साली सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली आणून त्यावर वीज तयार होते आणि ते पाणी पुढे पाताळगंगेत सोडले जाते. खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. म्हणजे आपल्या डोंगरांवर पडणाऱ्या पावसावर किती घरे, कारखाने आणि शहरे अवलंबून आहेत, हे एका नकाशावर रंगीत पेन्सिलीने रेघा ओढून मुलांना दाखवता येईल. याच नदीत कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी जाते ही दुसरी बाजूही लपवू नये. नदी कोणाची, हा प्रश्न मुलांनी लहानपणीच विचारायला हवा. याच रायगड जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला. ज्या पाण्याला स्पर्श करण्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांना लढावे लागले, ते पाणी वाया घालवणे किंवा घाण करणे आपल्याला शोभत नाही.

२) बियाण्यांची ठेव

मे महिना हा बिया गोळा करण्याचा महिना आहे. करवंदे, जांभळे, आंबे, फणस ही फळे याच दिवसांत पिकतात. करंजाच्या शेंगा वाळतात, काटेसावरीची बोंडे फुटून कापूस उडतो, बहाव्याला पिवळे झुंबर लागलेले असतात आणि त्याच झाडावर गेल्या वर्षीच्या लांब काळ्या शेंगाही लोंबत असतात. फळ खाऊन बी फेकून न देता ते धुऊन सावलीत ठेवावे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुष्कळांचे श्रम येथेच वाया जातात. सर्व बिया सारख्या नसतात. चिंचोका, बहावा, सागरगोटा यांच्या बिया कडक कवचाच्या. त्या वाळवून डब्यात ठेवल्या तर पुष्कळ महिने टिकतात. ही मुदत ठेव समजावी. आंबा, फणस, जांभूळ, करवंद आणि मोह यांच्या बिया मात्र वाळल्या की मरतात. जांभळाचे बी साधारण दोन आठवड्यांच्या आत, आंब्याची कोय आठ-पंधरा दिवसांत मातीत गेली पाहिजे. हे चालू खाते आहे, त्यात पैसा पडून राहत नाही. जूनमध्ये पेरू म्हणून जांभळाच्या बिया महिनाभर उन्हात वाळवल्या तर एकही रोप येणार नाही.

कडक बियांनाही उगवण्यासाठी थोडी मदत लागते. बहाव्याचे बी खरबरीत दगडावर घासून त्याचे कवच एका बाजूने किंचित झिजवावे आणि रात्रभर पाण्यात भिजत घालावे. चिंचोकेही एक दिवस भिजवावेत. कवचातून आत पाणी शिरले की अंकुर फुटतो. घासलेल्या दहा बिया आणि न घासलेल्या दहा बिया शेजारी-शेजारी पेरून मुलांनी फरक पाहावा. विज्ञानाच्या पुस्तकातील धड्यापेक्षा हा प्रयोग जास्त लक्षात राहतो.

रोपांसाठी नवीन पिशव्या विकत आणू नयेत. नारळाच्या करवंट्या, फुटके डबे, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चालतात. पाणी निचरण्यासाठी तळाला भोके पाडावीत. लागवड करताना प्लॅस्टिकची पिशवी कापून काढावी आणि घरी परत आणावी, ती जमिनीत पुरू नये. दोन भाग माती आणि एक भाग खत असे मिश्रण करावे. पिशवीवर झाडाचे नाव आणि पेरल्याची तारीख लिहावी.

खड्डे मात्र मे महिन्यातच खणावेत. दीड फूट लांब, रुंद आणि खोल एवढा खड्डा पुरे. तो उन्हात तापू द्यावा. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे. घराच्या भिंतीजवळ किंवा विहिरीच्या काठाला वड, पिंपळ, उंबर लावू नयेत, त्यांची मुळे बांधकाम फोडतात. या झाडांना मोकळे मैदान किंवा रस्त्याची रुंद कडा द्यावी. आणि शेवटची गोष्ट, रोप लावण्याचे फोटो सर्वांचे निघतात, पण पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्याला पाणी घालणारा हात लागतो. म्हणून एका कुटुंबाने पन्नास रोपे लावण्यापेक्षा दोन लावावीत आणि ती जगवावीत.

३) केरातून खत

उन्हाळ्यात झाडांची पाने गळतात आणि आपण ती झाडून पेटवून देतो. त्या धुराने खोकला वाढतो आणि जमिनीचे खाद्य जळून जाते. तीच पाने आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा यांपासून सुट्टी संपेपर्यंत उत्तम खत तयार होते.

जुनी बादली किंवा माठ घेऊन त्याला तळाशी आणि बाजूने भोके पाडावीत व दोन विटांवर ठेवावे. तळाला वाळक्या पानांचा चार बोटे थर द्यावा. त्यावर भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा टाकावा आणि लगेच वाळक्या पानांनी झाकावा. एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन वाट्या वाळकी पाने हे प्रमाण ठेवावे. सुरुवातीला मूठभर शेणखत किंवा थोडे आंबट ताक शिंपडले तर काम लवकर सुरू होते. तीन-चार दिवसांनी काठीने ढवळावे. दुर्गंधी आली तर पाणी जास्त झाले असे समजून पाने वाढवावीत. मुंग्या झाल्या तर फार कोरडे झाले असे समजून पाणी शिंपडावे. मासे-मटणाचे काटे-हाडे आणि तेलकट अन्न त्यात टाकू नये, उंदीर येतात. दीड ते दोन महिन्यांत मातीसारखे काळे, पावसाच्या मातीचा वास येणारे खत तयार होते. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी भरलेली बादली शाळा उघडण्याच्या सुमारास तयार होते, म्हणजे नेमकी रोपे लावण्याच्या वेळी. घराबाहेर जाणारा कचरा किती कमी झाला, हेही मुलांनी रोज वजनकाट्यावर पाहावे.

४) पक्ष्यांची वही

पक्षी पाहण्यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही. सकाळी सहा ते साडेसात ही वेळ, एक वही आणि गप्प बसण्याची सवय एवढे पुरते. दयाळ, बुलबुल, तांबट, भारद्वाज, नदीकाठचा खंड्या आणि वंचक हे वसाहतीत बसूनही दिसतात. कोकिळेपाठोपाठ मेच्या उत्तरार्धात पावशा ओरडू लागतो. शेतकरी त्याच्या ओरडण्यात 'पेर्ते व्हा' असे ऐकतात. त्याचा आवाज पहिल्यांदा कोणत्या तारखेला ऐकला आणि पाऊस कोणत्या तारखेला आला, हे दरवर्षी लिहून ठेवले तर दहा वर्षांनी ती वही अनमोल होईल.

डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) हे जगप्रसिद्ध पक्षीशास्त्रज्ञ. त्यांच्या कीर्तीचा आरंभ ज्या अभ्यासाने झाला तो आपल्याच जिल्ह्यातला. १९३० च्या सुमारास नोकरी नसताना ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहत होते. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे महिनोन्महिने निरीक्षण केले. नर पक्षी अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पाहते, पसंत पडले तर त्यात राहते, मग नर ते पूर्ण करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी बारकाईने नोंदवले. कोणतीही प्रयोगशाळा नव्हती. होता तो वेळ आणि चिकाटी. आपल्या मुलांच्या हाती सुट्टीत नेमका वेळच असतो. मे महिन्यात बाभळीवर, माडावर, विहिरीवर ओणवलेल्या फांद्यांवर सुगरणीची गेल्या वर्षीची रिकामी घरटी लोंबताना दिसतात. ती तोडून घरात टांगू नयेत. मोजून ठेवावीत आणि पाऊस सुरू झाल्यावर नवी किती झाली ते पाहावे.

आपल्या भाषेत रानाचे वाचन करायचे असेल तर मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांची पुस्तके ग्रंथालयातून आणावीत. वनखात्यात नोकरी करीत त्यांनी मराठीला पक्ष्यांचे आणि झाडांचे शेकडो शब्द मिळवून दिले. त्यांच्या जन्मदिनापासून, म्हणजे ५ नोव्हेंबरपासून, सालिम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, १२ नोव्हेंबरपर्यंत, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. सुट्टीत सुरू केलेली वही मुलांनी त्या सप्ताहात शाळेत दाखवावी. वही नेटकी झाल्यावर एखाद्या रविवारी कर्नाळा पक्षी अभयारण्यात जावे. सकाळी लवकर जावे, गाणी वाजवू नयेत, भडक कपडे घालू नयेत.

५) विकत न आणलेले खेळ आणि उन्हाचा खाऊ

खेळणी दुकानातच मिळतात अशी आता मुलांची समजूत झाली आहे. आजीला विचारले तर ती वेगळे सांगेल. सागरगोटे हा खेळ ज्या बियांनी खेळतात ती एका काटेरी वेलीची बी आहे, हे कित्येकांना माहीत नसते. चिंचोके फोडून दोन रंगांच्या सोंगट्या होतात. नारळाच्या झावळीची भिरभिरी आणि पिपाणी होते. रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून पुंगी वाजवता येते. लगोरीला सात चपटे दगड आणि चिंध्यांचा चेंडू पुरतो. वडाचे झाड असेल तर सूरपारंब्या, मैदान असेल तर आट्यापाट्या आणि विटीदांडू. या खेळांत सेल लागत नाही, चार्जर लागत नाही, आणि एकट्याने खेळता येत नाही. हा शेवटचा गुण सर्वांत मोठा.

घरातील वाळवण हाही एक उपक्रम आहे. पापड, कुरडया, सांडगे म्हणजे सूर्याच्या उष्णतेचा आपल्या आया-आज्यांनी केलेला उपयोग. गहू तीन दिवस का भिजवतात, चीक म्हणजे काय, पूर्ण वाळलेली कुरडई वर्षभर का टिकते, हे मुलांनी करता-करता विचारावे. मुलगे आणि मुली दोघांनीही हे काम करावे. कावळ्यांपासून वाळवण राखण्याचे काम दोघांत वाटून द्यावे. कैरीचे पन्हे घरी केले तर बाटलीबंद पेयांचा खर्च आणि कचरा दोन्ही वाचतात.

बाजारात किंवा रेल्वे स्थानकाबाहेर ठाकूर आणि कातकरी भगिनी पानांच्या द्रोणांतून करवंदे, जांभळे विकतात. पहिल्या पावसानंतर त्याच शेवळे, भारंगी, टाकळा, कंटोळी अशा रानभाज्या आणतात. भाव करण्यापूर्वी मुलांनी त्यांना या भाज्यांची माहिती विचारावी. शेवळाची भाजी काकडांबरोबर का शिजवावी लागते? काकडाच्या आंबटपणाने शेवळाचा खाजरेपणा जातो म्हणून. ही विद्या त्यांनी पुस्तकातून घेतलेली नाही, पिढ्यान्पिढ्या रानात राहून मिळवली आहे. ज्यांना समाजाने मागास म्हटले त्यांच्याजवळ केवढे ज्ञान आहे हे मुलांना कळले, तर निसर्गाइतकाच माणसाचाही अभ्यास होईल. मात्र माहितगाराशिवाय कोणतीही रानटी भाजी किंवा फळ स्वतःहून तोडून खाऊ नये.

६) एक दिवसाची सहल

वर्षातून एकदा वातानुकूलित गाडीने दूर जाण्यापेक्षा एस.टी.ने किंवा लोकलने जवळ जावे. माथेरान हे त्यासाठी उत्तम. नेरळहून जाणारी छोटी रेल्वे १९०७ सालची. पेट्रोल-डिझेलच्या खाजगी मोटारींना तेथे दस्तुरी नाक्याच्या पुढे प्रवेश नाही आणि २००३ साली हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून घोषित झाला. मोटारींच्या आवाजाविना गाव कसे ऐकू येते, हे मुलांना एकदा अनुभवू द्यावे.

दुसरी सहल कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यांची. कोंदिवडे गावातून पायी चढून जावे लागते. इसवी सनापूर्वीच्या काळातील हे चैत्यगृह आणि विहार राजमाचीच्या पायथ्याच्या रानात आहेत. दगडात लाकडी तुळयांची हुबेहूब नक्कल केलेली दिसते. सहल म्हणून जाताना आपल्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी. लेणी खोदणाऱ्यांनी पावसाचे पाणी वाया जाऊ दिले नाही. कान्हेरीसारख्या ठिकाणी कातळात पन्हळी खोदून पाणी टाक्यांत उतरवले आहे. जुन्या शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटले आहे आणि ती दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी सामान्य व्यापारी आणि गृहिणी पाण्याचे टाके दान देत होत्या.

भिक्खूंच्या वर्षावासामागेही असाच विचार आहे. पावसाळ्यात भिक्खू हिंडतात तेव्हा हिरवे गवत तुडवले जाते, बारीक जीव मरतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि भगवान बुद्धांनी पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला, असे विनयपिटकात सांगितले आहे. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावल्याचे, आंबराया केल्याचे आणि विहिरी खोदल्याचे स्वतःच्या लेखांत नोंदवून ठेवले आहे. वैशाखी पौर्णिमा सुट्टीतच येते. त्या दिवशी मुलांच्या हाताने खड्डा खणून ठेवला आणि आषाढी पौर्णिमेला, वर्षावास सुरू होताना, त्यात रोप लावले, तर परंपरेचा अर्थ त्यांना व्याख्यानाशिवाय कळेल.

सहलीला जाताना डबा स्टीलचा, पाणी घरचे आणि कचऱ्यासाठी एक पिशवी सोबत घ्यावी. लेण्यांच्या भिंतीवर नाव लिहू नये. मेअखेरीस कर्जतच्या पेठ-कोथळीगड भागात काजवे पाहायला गर्दी लोटते. काजव्यांचा प्रकाश म्हणजे नर-मादींनी एकमेकांना दिलेली खूण. बॅटऱ्या, गाड्यांचे दिवे आणि मोबाईलचा झोत यांमुळे ती खूण हरवते आणि त्यांची पुढची पिढीच कमी होते. म्हणून गेलात तर दिवे बंद ठेवून, दूर उभे राहून पाहावे. काजवे बरणीत भरू नयेत.

७) डोंगर वाचायला शिका

हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. त्याआधी २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर असाच घाला पडला होता. आपल्या वसाहतीतून जो डोंगर चित्रासारखा दिसतो, त्याच्या कुशीत माणसे राहतात आणि पावसाळ्यात जीव मुठीत धरून झोपतात, हे आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे.

झाडे लावली की दरड कधीच कोसळणार नाही असे कोणी समजू नये. अतिवृष्टी, तीव्र उतार, कातळावरची झिजलेली माती अशी अनेक कारणे त्यामागे असतात. पण उतारावरचे गवत आणि झाडोरा शाबूत असेल तर माती धरून राहते, आणि धोक्याच्या खुणा ओळखता आल्या तर माणसे वेळेवर बाहेर पडू शकतात. जमिनीला किंवा घराच्या भिंतीला नवीन भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या एकाएकी घट्ट होणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, वरून बारीक दगड घरंगळणे या त्या खुणा होत. मुलांनी त्यांचा तक्ता करून शाळेत, समाजमंदिरात आणि डोंगराखालच्या वाडीत लावावा. सुट्टीतील हा एक तक्ता एखादे घर वाचवू शकेल.

डोंगराला दुसरा धोका वणव्याचा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपल्या भोवतीचे डोंगर रात्री पेटलेले दिसतात. कोठे बिडी-सिगारेटचे थोटूक, कोठे सहलीची न विझवलेली चूल, कोठे मुद्दाम लावलेली काडी. त्यात रोपे, अंडी, सरपटणारे जीव जळतात आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात वाहून जाते. वणवा दिसला तर मुलांनी विझवायला धावू नये. मोठ्यांनी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

पालकांसाठी काही सूचना

नदीवर मुलांना एकटे सोडू नये. वीजकेंद्रातून पाणी सोडले की पाताळगंगेची पातळी बदलते. सकाळी उथळ असलेली जागा दुपारी खोल असू शकते. पोहायला शिकवायचे असेल तर पट्टीचा पोहणारा मोठा माणूस सोबत हवा. दुपारी बारा ते चार मुलांना उन्हात पाठवू नये. ही वेळ वही लिहिण्याची, चित्रे काढण्याची आणि वाचनाची. दगड, पालापाचोळा उचलताना हाताऐवजी काठी वापरावी. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत. दंश झाला तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नये, जखम कापू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला सरळ सरकारी रुग्णालयात न्यावे.

या उपक्रमांना बक्षिसांची आणि गुणांची गरज नाही. सगळे उपक्रम एकाच सुट्टीत करण्याचीही गरज नाही. मुलाला आवडतील ते दोन निवडावेत आणि शेवटपर्यंत न्यावेत. पालक दोघेही नोकरीला असतील तर सकाळचा अर्धा तास आणि रविवार पुरतो. आणि ज्या घरात मोठी माणसेच दिवसभर मोबाईल हातात धरून बसतात, त्या घरातील मुलाला पक्षी पाहायला पाठवून उपयोग होत नाही, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे.

आपल्या संस्थेच्या सभासदांनी मनावर घेतले तर हे काम एकेका घरापुरते राहणार नाही. दहा कुटुंबांनी मिळून एक रोपवाटिका करावी. एकाने बिया आणाव्यात, दुसऱ्याने खत द्यावे, तिसऱ्याने शनिवारी मुलांना नदीकाठी न्यावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी लहान मुलांचे गट सांभाळावेत. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी समाजमंदिरात मुलांच्या वह्या, तक्ते आणि रोपे मांडून ठेवावीत आणि तीच रोपे पाऊस स्थिरावल्यावर लावावीत. पाण्याचे पासबुक, पक्ष्यांची वही आणि स्वतःच्या हाताने जगवलेले एक झाड एवढी शिल्लक प्रत्येक मुलाच्या नावावर पडली, तर ती सुट्टी कारणी लागली असे म्हणता येईल.